विरजण लावलं की ब्रश

2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि कराडमधल्या माझ्या दातांच्या दवाखान्याचं शटर खाली आलं. आमचं एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, चाललं की पेशंटच्या लाळेचा बारीक तुषार खोलीभर उडतो आणि बराच वेळ हवेत तरंगत राहतो. तेव्हा भीती होती ती नेमकी त्याचीच. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या, त्यातही भर तातडीच्या कामांवरच होता. मग हाताशी उरला फोन. लोक मोबाइलच्या टॉर्चमध्ये दाढेचे फोटो काढून पाठवायचे. मी ते मोठे करून बघायचे आणि एका दोनशेपानी वहीत टिपून ठेवायचे: वय, काय दुखतंय, कधीपासून, मी काय सांगितलं.

जूनच्या सुमारास ती वही मी एकदा सलग वाचून काढली. कीड, अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल, निघालेलं सिमेंट हे सगळं होतंच. पण त्यात वेगळ्या तक्रारी मिसळायला लागल्या होत्या. सकाळी उठलं की जबडा आखडलेला असतो. कानशिलं ठणकतात. कीड नाही, काही नाही, तरी दाढेला तडा गेला. हिरड्यांतून रक्त येतं. एक तोंड बरं होतंय तोवर दुसरं येतं. आणि ही माणसं निष्काळजी नव्हती. दर सहा महिन्यांनी न बोलावता तपासायला येणारी त्यांत कितीतरी होती. पुढे वाचनात आलं की अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2021 च्या सुरुवातीला तिथल्या डेंटिस्टांना विचारलं, तेव्हा सत्तर टक्क्यांहून जास्त जणांनी दात खाणारे, दात आवळणारे पेशंट वाढल्याचं सांगितलं होतं. म्हणजे जे माझ्या वहीत उतरत होतं, ते सातासमुद्रापारही चालू होतं.

फोनवर मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचे: रात्रीचा ब्रश होतो का? पलीकडे जरा शांतता. मग, "मॅडम, खरं सांगू का, लक्षातच राहत नाही." ब्रश करायचा असतो हे माहीत नाही, असं एकानेही सांगितलं नाही. म्हणून घासण्याचं तंत्र मी खाली थोडक्यात उरकणार आहे. ताणाच्या दिवसांत सवय कशी टिकवायची, त्यावर जास्त बोलायचं आहे. साथ नसली तरी असे दिवस घरात येतातच. कुणी अ‍ॅडमिट असतं, कुणाची नोकरी जाते, कधी घरात सुतक असतं.

वेळ नको, खूण हवी

आपल्या बहुतेक सवयी घड्याळावर चालत नाहीत. एका कामाच्या शेपटाला दुसरं काम बांधलेलं असतं. ऑफिसची बस, मुलांची शाळा, दुधवाला, यांच्या आगेमागे आंघोळ आणि ब्रश आपोआप होऊन जातात. लॉकडाऊनमध्ये बस गेली, शाळा गेली आणि त्यांना बांधलेलं सगळंच सुटलं. अशा वेळी "रात्री साडेदहाला ब्रश करायचा" असं ठरवून काही होत नाही. साडेदहाला माणूस मोबाइलवर आकडे बघत पडलेला असतो.

म्हणून घरातलं असं एक काम शोधा, जे काहीही झालं तरी रोज रात्री होतंच. माझ्या एका पेशंटच्या घरी हे मला फार सुंदर सापडलं. घरात सहा माणसं. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. बाहेर काय वाटेल ते चालू असो, त्यांचं रात्रीचं विरजण चुकत नसे. दूध कोमट झालं का ते करंगळी बुडवून बघायचं, वाटीतलं जुनं दही चमच्याने घोटून त्यात सोडायचं, दोनदा ढवळून झाकण ठेवायचं आणि पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवायचं. मी सुनेला म्हटलं, "सासूबाईंनाच सांगा, झाकण ठेवलं की एक हाक मारायची." त्या हाक मारायला लागल्या, "विरजण लागलं गं." नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळे उठून मोरीपाशी. घासण्याची आठवण कुणी कुणाला करून द्यायची नाही, रागवायचं नाही, फक्त विरजण. वर्षभराने ती सून दुसऱ्याच कामाने दवाखान्यात आली, तेव्हाही ते चालूच होतं.

तुमच्याकडे विरजण नसेल. मटकी भिजत घालणं असेल, गॅसचं बटण बंद करणं असेल, दाराला कडी घालणं असेल, आईची रात्रीची गोळी असेल. फक्त दोन गोष्टी बघा. ते काम जेवणानंतरचं हवं, आणि अंथरुणात पाठ टेकण्याआधीचं. एकदा पाठ टेकली की ब्रश होत नाही, हे मी हजारो तोंडं बघून सांगते. एकटे राहत असाल तर ब्रश बेसिनजवळ ठेवू नका, त्या कामाच्या जागी ठेवा. कडीशेजारच्या खिळ्याला अडकवलेला ब्रशसुद्धा चालतो.

आणि फारच वाईट दिवस असेल, उभं राहण्याचंही त्राण नसेल, तर सकाळचा ब्रश गेला तरी चालेल, रात्रीचा घालवू नका. झोपेत लाळ जवळजवळ आटते. दिवसा दातांवरून सतत फिरणारी ती धार रात्री नसते, म्हणून रात्रभर दातांत अडकलेलं अन्न दिवसापेक्षा जास्त नुकसान करतं. बसल्या बसल्या, एका पेल्यात थुंकत केलेला ब्रशही ब्रशच असतो.

घासायचं कसं

मऊ केसांचा ब्रश घ्या. पेस्ट फ्लोराइडची, मोठ्यांसाठी 1000 ते 1500 पीपीएम; ट्यूबवर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वाटाण्याएवढी पुरते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथे मिळतात त्या रेषेवर तिरपे टेकवून हलक्या हाताने छोटे गोल फिरवायचे. दोन मिनिटं. शेवटी फेस थुंका, पण पाण्याने खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड जरा राहू द्या. जिभलीने जीभ साफ करा. ब्रश तीन महिन्यांनी बदला, केस फिस्कटले असतील तर त्याआधीच.

ताणात असलेला माणूस ब्रश एक तर करत नाही, नाहीतर भांडी घासावीत तसा जोर लावतो. जोराने दात जास्त स्वच्छ होत नाहीत. हिरडी खाली सरकते आणि मग थंड पाणी झोंबायला लागतं. मूठ आवळून ब्रश धरण्याऐवजी पेन धरतो तसा तीन बोटांत धरून बघा, जोर आपोआप कमी होतो.

दातओठ खाणं

रागाला आपण "दातओठ खाणं" म्हणतो आणि झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंत झालेत म्हणतो. मोठी माणसंही दात खातात. दिवसा तर पुष्कळ जण नुसते दात आवळून बसतात आणि त्याचा पत्ता त्यांना नसतो.

आत्ता वाचता वाचता बघा, तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकले असतील तर तोच त्रास. काम नसताना ओठ मिटलेले आणि दात सुटलेले असायला हवेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना लागतात ते सगळं मिळून वीसेक मिनिटं. ताणातला माणूस ते तासन् तास लावून बसतो. मग चावण्याचे स्नायू भरून येतात, कानशिलं दुखतात, कानासमोरचा सांधा कटकट वाजतो, आणि जिथे आधीच मोठं सिमेंट भरलेलं आहे ती दाढ एखाद्या दिवशी साध्या फुटाण्याने उभी चिरते.

हे मी स्वतः केलेलं आहे. दवाखाना बंद, दोन असिस्टंटचे पगार, खुर्चीचा हप्ता, आणि रात्री हिशेबाची वही. एप्रिल संपताना माझी डावी बाजू इतकी दुखायला लागली की भाकरीचा तुकडा मोडणं नको वाटायचं. आरशात बघितलं तर गालाच्या आत, दात मिटतात त्या रेषेवर, पांढरी शिवण उमटलेली आणि जिभेच्या कडेला दातांचे खळगे. पेशंटच्या तोंडात या खुणा मी रोज बघते. तुम्हीही तुमच्या तोंडात बघू शकता.

उपाय केला तो टिकल्यांचा. लाल टिकल्यांचं एक पाकीट घेतलं आणि घरभर चिकटवत सुटले: फ्रिजच्या दारावर, मोबाइलच्या पाठीवर, बेसिनच्या आरशावर, हिशेबाच्या वहीवर, टीव्हीच्या रिमोटवर. टिकली दिसली की एकच तपासायचं, दात टेकलेत का? टेकले असतील तर तोंडातल्या तोंडात "न" म्हणायचं. "न" म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टाळूला टेकते आणि दात आपोआप सुटतात. जीभ तिथेच राहू द्यायची, खांदे खाली सोडायचे, नाकाने एक सावकाश श्वास. पाच सेकंदांचं काम. पहिल्या दिवशी मला प्रत्येक टिकलीपाशी दात आवळलेले सापडले. वहीवरच्या टिकलीपाशी तर महिनाभर सापडत होते. पण कानशिलांचं दुखणं तिसऱ्या आठवड्यात उतरलं.

त्या काळात फुटाणे, ऊस, चिक्की, च्युइंगगम बंद. गरम पाण्यात पिळलेला नॅपकिन दहा मिनिटं गालावर धरायचा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ ठेवायची, म्हणजे जबडा फार उघडत नाही. झोपेतल्या दात खाण्याला मात्र टिकली पुरत नाही. त्यासाठी झोपताना दातांवर बसवायचा, मापाचा नाइट गार्ड बनवून घ्यावा लागतो. बाजारातले गरम पाण्यात टाकून तोंडात दाबायचे गार्ड महिनोन् महिने वापरू नका, चावा बिघडू शकतो.

चहा, बिस्किट आणि सुकलेलं तोंड

भीती वाटली की तोंडाला कोरड पडते, हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. ती भीती महिनोन् महिने राहिली तर कोरडही राहते. झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी ती आणखी वाढते. त्यावर दर तासाला अर्धा कप गोड चहा आणि दोन बिस्किटं. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा कितीदा खाल्ली ते दातांना जास्त भोवतं. दर वेळी साखरेवर जिवाणू आम्ल बनवतात आणि ते निवळायला लाळेला निदान अर्धा तास लागतो. तासा-तासाला कप हातात असेल तर दाताला उसंतच मिळत नाही. चहा बंद करा असं मी सांगत नाही, कराडात राहून ते सांगवतही नाही. जेवढा प्यायचा तेवढा तीन ठरलेल्या वेळांना प्या आणि मधल्या वेळेत पाण्याचे घोट घ्या. लिंबूपाणी, काढा असलं आंबट-तिखट पिऊन लगेच ब्रश करू नका, अर्धा तास जाऊ द्या.

त्या वर्षी गुळण्यांचाही अतिरेक झाला. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिवसातून पाच-पाच वेळा वापरणारी माणसं मला भेटली, दात तपकिरी झालेले आणि जेवणाची चव गेलेली. ते औषध आहे, सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांपुढे घेऊ नये. रोजच्यासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. अर्थात ब्रशची जागा कुठलीच गुळणी घेत नाही.

मिश्री

याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे. आमच्या भागात तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी मिश्री दातांना लावणाऱ्या बायका घरोघरी आहेत, आणि ताणाच्या दिवसांत त्यांचं बोट डबीकडे जास्त जातं. त्यांना कुणी व्यसनी म्हणत नाही, कारण ते "दात घासणं" आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मिश्रीची डबी देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. लॉकडाऊनमध्ये एक मावशी फोनवर म्हणाल्या, "बाई, पोरगा पुण्यात अडकलाय, जीव लागत नाही, मिश्री लावली की जरा बरं वाटतं." खरंच बरं वाटतं. निकोटीन उतरल्यामुळे आलेली बेचैनी निकोटीननेच थांबते. पण तेवढ्यापायी हिरडी दात सोडायला लागते, गालात पांढरे चट्टे उठतात, आणि काही चट्ट्यांचा पुढे कॅन्सर होतो.

त्या मावशींना मी एकदम सोडा म्हटलं नाही. दिवसातून कितीदा लावता ते मोजा म्हटलं, भिंतीवर खडूने रेघ मारून. सात निघाल्या. दुपारची आधी सोडायची ठरली, त्या वेळी बडीशेप आणि फोनवर पोराशी बोलणं. मग संध्याकाळची. सकाळची सगळ्यात शेवटी, कारण ती सुटली की पोट साफ होत नाही ही धास्ती असते. त्यासाठी उठल्याबरोबर गरम पाणी. मोफत सल्ल्यासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, 1800-11-2356. आणि मूळ दुखणं मनाचं असेल तर त्यासाठीची हेल्पलाइन टेलिमानस, 14416. सून-नातवंडांनी डबी लपवू नये. लपवली की ती पदराच्या गाठीत जाते.

कधी थांबायचं नाही

दाढ ठणकली तर पाकिटावरच्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्या, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, गालाला बाहेरून थंड फडकं लावा. लवंगेचं तेल कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेऊन फक्त दातातल्या खड्ड्यात, हिरडीला लागू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवायची नाही, हिरडी जळते. घरात उरलेली अँटिबायोटिक तर अजिबात नाही.

पण जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळवत नसेल, तर साथ असो की संचारबंदी, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ही सूज श्वास अडवू शकते. तोंडातली कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. हिरड्यांची टोकं कुरतडल्यासारखी दिसली, फार दुखली आणि तोंडाला घाण वास सुटला तरीही दाखवा. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना हे व्हायचं, म्हणून त्याला ट्रेंच माउथ नाव पडलं. त्याची कारणं म्हणजे ताण, विडी-सिगारेट, जागरणं आणि न घासलेले दात.

2021 च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, आम्हाला जे दाखवलं ते विसरता येत नाही. अनियंत्रित मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स, या जोडीवर तो वाढला. किती जणांचा वरचा जबडा काढावा लागला. त्याची सुरुवात पुष्कळदा आमच्याच दारात व्हायची. चांगले धडधाकट वरचे दात अचानक हलायला लागायचे, एका बाजूचा गाल बधिर व्हायचा, नाकातून काळपट स्राव यायचा, टाळूवर काळा डाग दिसायचा. मधुमेह असलेल्या कुणालाही मोठ्या आजारातून उठल्यावर असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका.

आजारी माणसाचं तोंड, आणि आपलं

2021 च्याच एप्रिलमध्ये माझे बाबा अ‍ॅडमिट होते. सतरा दिवस. घरी आले तेव्हा कवळी पिशवीत होती, कागदात गुंडाळून ठेवलेली, सुकून खडखडीत झालेली. जीभ पांढऱ्या थराने भरलेली. स्टेरॉइड्सनंतर अशी बुरशी येते, तिचं औषध वेगळं असतं; डॉक्टरांना जीभ दाखवल्याशिवाय नुसती खरवडत बसू नका. बाबांना बसवत नव्हतं. मी उशी उंच करून, मान एका कुशीवर करून, मऊ ब्रश नुसत्या पाण्यात ओला करून उरलेले सहा दात आणि जीभ पुसायची. पाणी ठसक्यात जाऊ नये म्हणून ब्रश आधी झटकून घ्यायची. कवळी रोज साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून रात्री पेल्यात बुडवून ठेवायची. झोपताना ती तोंडात कधीच नको. वजन उतरल्यामुळे ती सैल झाली होती, ती पुन्हा बसवून घ्यावी लागली. घरात कुणाला ताप असेल तेव्हा त्याचा ब्रश सगळ्यांच्या पेल्यात ठेवू नका, स्वतंत्र ठेवा, आणि तो बरा झाला की टाकून द्या.

बाबांचं सगळं मार्गी लागल्यावर एका रात्री मी स्वतःसाठी बेसिनपाशी उभी राहिले आणि थुंकले तर फेस गुलाबी. ते सतरा दिवस रात्रीचा ब्रश मी एकदाही केला नव्हता. डेंटिस्ट असून.

तुम्हीही असे दिवस घालवून परत आलात आणि रक्त दिसलं, तर घाबरून त्या जागेवरून ब्रश उचलू नका. हिरडीच्या कडेला साचलेल्या थराने ती सुजते, आणि तो थर निघाल्याशिवाय सूज जात नाही. नेमकं तिथेच, मऊ ब्रशने, हलक्या हाताने, रोज दोनदा. पहिले चार-पाच दिवस रक्त येतच राहील, मग कमी होत जाईल. दोन आठवड्यांनंतरही येत असेल तर दवाखान्यात या, खाली टार्टर, म्हणजे कडक झालेला थर, धरलेला असतो आणि तो ब्रशने निघत नाही. माझा फेस पांढरा व्हायला नऊ दिवस लागले.